विश्लेषण : वीज वाहणारे प्लास्टिक रक्तातली साखर कशी ओळखते?

पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या हातात बहुधा बेसनाचा लाडू असतो. इतर गणपतींना मोदक, तर इथे बेसनाच्या लाडवाचा प्रसाद, अशी प्रथा आहे. मधुमेह असलेल्या एखाद्या आजोबांनी तो लाडू मोडून नातवाला दिला, हात न धुता ग्लुकोमीटर काढला आणि बोटाला सुई टोचली, तर पडद्यावरचा आकडा चुकलेला दिसू शकतो. आजोबांनी लाडू खाल्लेलाही नसतो. बोटाला चिकटलेला पदार्थ रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा बिघडवू शकतो.

बोटावरचे ग्लुकोज आणि रक्तातले ग्लुकोज यांतला फरक त्या इवल्याशा पट्टीला कळत नाही. पण साखर आणि मीठ, साखर आणि प्रथिने यांतला फरक मात्र तिला नेमका कळतो. रक्तात हजारो पदार्थ असताना ती एकटी साखर शोधून काढते आणि पाचेक सेकंदांत आकडा सांगते. ही ओळख पटवण्यामागे जे शास्त्र आहे, त्याचे नाव बायोसेन्सर. आणि या शास्त्रातली एक वाट जाते ती वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिककडे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर, जळगाव येथील प्रयोगशाळांत या प्लास्टिकच्या फिल्मवर काम झाले आहे. हे तंत्र नेमके काय आहे, ते कुठे अडले आहे आणि सुधागडसारख्या तालुक्याला त्याचा उपयोग काय, याचा हा आढावा.

प्रश्न फक्त साखरेचा आहे का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यांतल्या अनेकांच्या घरी आज ग्लुकोमीटर आहे. त्यामुळे साखर तपासण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही.

पण मधुमेह साखरेपुरता थांबत नाही. तो मूत्रपिंडावर जातो, हृदयावर जातो. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या कराव्यात, असे डॉक्टर सांगतात. या तपासण्यांसाठी शिरेतून रक्त काढावे लागते, ते प्रयोगशाळेत पोहोचावे लागते आणि अहवालासाठी पुन्हा फेरी मारावी लागते. सुधागडमधील डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या कातकरी किंवा ठाकूर वाडीवरच्या माणसासाठी याचा अर्थ बुडालेली मजुरी, भर पावसात एसटीची वाट पाहणे आणि बहुतेक वेळा तपासणीच पुढे ढकलणे. मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे पुढे ढकललेली तपासणी महागात पडते.

साखरेसाठी जसा एक थेंब पुरतो, तसाच इतर तपासण्यांनाही पुरला तर? बायोसेन्सरच्या संशोधनामागचा खरा प्रश्न हा आहे.

प्लास्टिकमधून वीज कशी वाहते?

पालीच्या शेजारी नागोठण्याला मोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. पूर्वी तो आयपीसीएलचा होता, आता रिलायन्सचा आहे. तिथे पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीनसारखी बहुवारिके, म्हणजे पॉलिमर तयार होतात. एकाच प्रकारचे छोटे रेणू माळेतल्या मण्यांसारखे एकमेकांत ओवले की बहुवारिक तयार होते. सुट्या मण्याला एकवारिक किंवा मोनोमर म्हणतात. हे नेहमीचे प्लास्टिक वीज वाहून नेत नाही. म्हणून तर विजेच्या तारेवर त्याचे वेष्टण घालतात.

मात्र काही बहुवारिकांच्या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये एक एकेरी बंध, एक दुहेरी बंध अशी आलटूनपालटून रचना असते. या रचनेत इलेक्ट्रॉन एका जागी जखडलेले नसतात, त्यांना साखळीभर सरकण्याची वाट असते. तरीही ते सरकत नाहीत. कारण सगळ्या जागा भरलेल्या असतात. खच्चून भरलेल्या एसटीत कुणालाच हलता येत नाही, तसेच हे. एक प्रवासी उतरला, की मागचा पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी येतो आणि सगळ्या गाडीत हालचाल सुरू होते. साखळीतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की असेच होते. या क्रियेला डोपिंग म्हणतात.

याचा शोध लागला तो एका चुकीतून. १९६७ मध्ये जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीनपासून बहुवारिक तयार करताना उत्प्रेरक चुकून हजार पट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी, चकचकीत फिल्म तयार झाली. पुढे शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी या फिल्मला आयोडिनची वाफ दिली. तिची विद्युतवाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली. १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००० मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. त्यामुळे सेन्सरसाठी पुढे आली ती पॉलिपायरोल, पॉलिॲनिलीन आणि पेडॉट ही तीन नावे. चांगल्या पॉलिपायरोलची वाहकता तांब्यापेक्षा हजारो पटींनी कमी भरते. पण सेन्सरला तारेइतकी वीज वाहायचीच नसते. त्याला मोजता येईल एवढा, मायक्रोअँपिअरचा प्रवाह पुरतो.

विजेच्या मदतीने फिल्म कशी तयार होते?

या पद्धतीला इलेक्ट्रोपॉलिमरायझेशन म्हणतात. मराठीत विद्युत-बहुवारिकीकरण. नाव अवघड असले तरी मांडणी सोपी आहे. एका बीकरमध्ये पाणी, त्यात थोडे मोनोमर आणि एखादा क्षार किंवा आम्ल. त्यात तीन इलेक्ट्रोड बुडवायचे. पहिल्यावर फिल्म बसते. तो प्लॅटिनमचा, सोन्याचा, कार्बनचा किंवा वीजवाहक थर दिलेल्या काचेचा असतो. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या कांडीवरही फिल्म बसवता येते आणि संशोधक तशी बसवतात. दुसरा इलेक्ट्रोड विजेचे वर्तुळ पूर्ण करतो. तिसऱ्याचे काम मापट्टीसारखे. पहिल्यावर नेमके किती व्होल्ट आहेत, हे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. या तिघांना सांभाळणाऱ्या यंत्राला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात.

वीज सुरू केली की इलेक्ट्रोडजवळचा मोनोमर एक इलेक्ट्रॉन गमावतो. असे दोन रेणू एकमेकांना भेटले की जोडले जातात आणि जोडताना हायड्रोजन सोडून देतात. दोनाचे चार, चाराचे आठ अशी साखळी लांबत जाते. साखळी पुरेशी लांब झाली की ती पाण्यात विरघळून राहू शकत नाही, इलेक्ट्रोडवर बसते. साखळीवर धनभार असतो. तो सांभाळण्यासाठी द्रावणातले ऋणभारित आयन फिल्ममध्ये ओढले जातात. म्हणजे फिल्म तयार होता होताच तिचे डोपिंगही होते.

यासाठी लागणारा विद्युतदाब फार नसतो. पॉलिपायरोलची फिल्म एक व्होल्टपेक्षा कमी दाबावर तयार होते. टॉर्चचा साधा सेल दीड व्होल्टचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. बीकरमध्ये काही मिनिटांतच चकचकीत इलेक्ट्रोड काळपट होताना डोळ्यांना दिसतो. पॉलिॲनिलीन असेल तर हिरवा थर चढतो आणि विद्युतदाब बदलला की तोच थर पिवळसर, हिरवा, निळा, जांभळट असे रंग बदलतो.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे नियंत्रण. घरच्या मीटरवर युनिट मोजतात, तसा इथे इलेक्ट्रोडमधून गेलेला विद्युतभार मोजला जातो. जितका भार, तितकी जाडी. केसाची जाडी साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर धरली, तर सेन्सरची फिल्म एक मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते. एवढा पातळ थर ब्रशने लावता येत नाही. विजेने मात्र तो हव्या त्याच ठिकाणी बसतो. शेजारी दोन इलेक्ट्रोड असतील आणि वीज एकालाच दिली, तर फिल्म त्याच्यावरच तयार होते. म्हणून एकाच चिपवर साखरेसाठी एक, युरियासाठी दुसरी अशा वेगवेगळ्या फिल्म बसवण्याची कल्पना पुढे आली.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. १८६२ मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ हेन्री लेथबी यांनी आम्लातल्या ॲनिलीनमधून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमवर निळसर-हिरवा थर जमला. तेव्हा बहुवारिक ही संकल्पनाच नव्हती. त्यामुळे हातात काय आले आहे, हे त्यांना कळणे शक्य नव्हते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत विजेच्या मदतीने पॉलिपायरोलची सोलून काढता येईल अशी, वाहक फिल्म तयार झाली आणि हे तंत्र खऱ्या अर्थाने रुळले.

ही फिल्म साखर कशी ओळखते?

नुसती फिल्म साखर ओळखत नाही. ओळखते ते विकर, म्हणजे एन्झाइम. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर एका जातीच्या बुरशीपासून मिळते. त्याच्या रेणूत एक खाच असते आणि त्या खाचेत ग्लुकोज बरोबर बसतो. कुलपात किल्ली बसावी तसा. विकर ग्लुकोजमधून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते आणि ऑक्सिजनला देते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. इलेक्ट्रोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट दाब असेल, तर हे पेरॉक्साइड तिथे फुटते आणि प्रवाह मिळतो. साखर जास्त, तर पेरॉक्साइड जास्त आणि प्रवाहही जास्त. विकर आणि इलेक्ट्रोड यांची ही जोडी १९६२ मध्ये अमेरिकी संशोधक लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी सुचवली. आजचे बहुतेक ग्लुकोमीटर तिचेच वंशज आहेत.

विकर इलेक्ट्रोडजवळ बांधून कसे ठेवायचे, हा मात्र अवघड भाग. ते पाण्यात विरघळते. नुसते वर टाकले तर रक्ताच्या थेंबाबरोबर वाहून जाईल. इथे वाहक फिल्म कामाला येते आणि विकर बसवण्याच्या तीन पद्धती समजायला पालीचा लाडूच सोयीचा पडतो. मनुका लाडवावर नुसता दाबून लावला तर तो सहज निसटतो. विकर फिल्मवर नुसते चिकटवले तर तेच होते. मनुका पाकाने घट्ट चिकटवला तर जास्त टिकतो. त्याप्रमाणे ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने विकराला फिल्मशी बांधता येते. आणि लाडू वळतानाच मनुका आत घातला, तर तो बाहेर पडतच नाही. मोनोमरच्या द्रावणातच विकर मिसळून वीज सुरू केली, की फिल्म तयार होताना विकर तिच्या आत अडकते. पॉलिपायरोलमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज असे अडकवून दाखवण्याचे काम १९८६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी केले. एक ब्रिटनमधला, एक अमेरिकेतला.

महाराष्ट्रात काय काम झाले?

पवईच्या आयआयटी मुंबईत ए. क्यू. कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयात फार लवकर पाऊल टाकले. त्यांचा वाहक बहुवारिकांवर आधारित बायोसेन्सरचा शोधनिबंध १९९२ मध्ये ‘ॲनॅलिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी पेरॉक्साइडमुळे मिळणारा प्रवाह मोजण्यापेक्षा वेगळी वाट घेतली. अगदी जवळजवळ ठेवलेल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये पॉलिॲनिलीनचा पूल बांधायचा आणि त्यात विकर ठेवायचे. विकराच्या क्रियेमुळे आजूबाजूचे रसायन बदलले, की पुलाची विद्युतवाहकता बदलते. हा बदल मोजायचा. १९९९ मध्ये याच गटाने सच्छिद्र पटलाच्या सूक्ष्म छिद्रांत पॉलिॲनिलीनच्या नळ्या वाढवून ग्लुकोज, युरिया आणि ट्रायग्लिसराइड यांचे सेन्सर एकाच पटलावर मांडता येतात, हे दाखवले.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात महेंद्र शिरसाट यांच्या गटाने फिल्म तयार करण्याच्या पाककृतीवरच लक्ष दिले. मोनोमर किती, आम्ल कोणते, सामू किती, प्रवाह किती ठेवला तर फिल्म अधिक वाहक, सच्छिद्र आणि टिकाऊ होते, याची पद्धतशीर तपासणी या गटाने केली. २००६ मध्ये त्यांनी पॉलिपायरोल आणि पॉलिव्हिनाइल सल्फोनेट यांची संमिश्र फिल्म विजेने तयार करून तिच्यावर ग्लुटराल्डिहाइडने ग्लुकोज ऑक्सिडेज बांधले आणि साखर मोजून दाखवली. पुढे पॉली-ऑर्थो-ॲनिसिडीनच्या फिल्मवरही त्यांनी ग्लुकोज सेन्सर केला. पाण्यातील शिसे, पारा यांसारख्या जड धातूंसाठीही या गटाने सेन्सर विकसित केले. जळगावच्या विद्यापीठातही पॉलिॲनिलीन आणि तिच्या भावंड बहुवारिकांच्या विद्युत-निर्मितीवर संशोधन झाले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील बी. डी. मल्होत्रा यांच्या गटाचे या क्षेत्रातले कामही जगभर उल्लेखले जाते.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण आम्लाची. पॉलिॲनिलीन चांगली तयार होते ती तीव्र आम्लात आणि वीज वाहते तीही आम्लधर्मी द्रावणातच. रक्ताचा सामू मात्र सुमारे ७.४, म्हणजे जवळपास उदासीन. तिथे पॉलिॲनिलीन आपली वाहकता बहुतांशी गमावते. उलट, तीव्र आम्लात विकर मरते. म्हणजे फिल्मला जे मानवते ते विकराला सोसत नाही. म्हणून पॉलिॲनिलीन आधी आम्लात तयार करायची, धुवायची आणि मग विकर बांधायचे, असा दोन टप्प्यांचा खटाटोप करावा लागतो. पॉलिपायरोल उदासीन पाण्यातही तयार होते. त्यामुळे विकर आत अडकवण्यासाठी तिची निवड होते.

दुसरी अडचण उपऱ्यांची. ०.६ ते ०.७ व्होल्टवर केवळ पेरॉक्साइडच फुटते असे नाही. रक्तातले यूरिक ॲसिड, क जीवनसत्त्व आणि तापासाठी घेतलेले पॅरासिटामॉलही त्याच दाबावर इलेक्ट्रॉन सोडतात. सेन्सरला वाटते, साखर वाढली. यावर एक सुंदर उपाय सापडला तो न वाहणाऱ्या फिल्मचा. ऑर्थो-फिनिलीन-डायअमाइन या मोनोमरची एक फिल्म वीज वाहत नाही. त्यामुळे इलेक्ट्रोड झाकला गेला की तिची वाढ आपोआप थांबते. ती इतकी पातळ आणि दाट असते, की पेरॉक्साइडचा लहान रेणू आत जातो, पण पॅरासिटामॉलसारखे मोठे रेणू बाहेरच अडतात. चाळणीतून पीठ खाली पडावे आणि कोंडा वर राहावा, तसे.

तिसरी अडचण घरभेद्याची. सेन्सर ज्या पेरॉक्साइडवर चालतो, तेच पेरॉक्साइड पॉलिपायरोलची साखळी हळूहळू पोखरते. दाब जास्त झाला तरीही साखळीतली बंधांची आलटूनपालटून रचना मोडते आणि फिल्म वीज वाहेनाशी होते. प्रयोगशाळेत काही आठवडे उत्तम चालणारा सेन्सर औषधाच्या दुकानातल्या फळीवर दीड-दोन वर्षे टिकेलच, याची खात्री देता येत नाही.

चौथी अडचण सारखेपणाची. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर १०० पैकी किमान ९५ वेळा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या १५ टक्के आत असावा लागतो. त्यासाठी लाखो पट्ट्या एकसारख्या लागतात. बीकरमध्ये एकेक फिल्म तयार करताना द्रावण थोडे जुने झाले, तापमान दोन अंशांनी बदलले, तरी फिल्म बदलते. पायरोल तर हवेत ठेवला की काळवंडतो. त्यामुळे तो वापरण्याआधी ऊर्ध्वपातन करून शुद्ध करावा लागतो. ज्यांनी हा प्रयोग केला आहे, त्यांना कालची फिल्म आज का जमत नाही, हा प्रश्न चांगलाच ओळखीचा असतो.

मग बाजारातल्या पट्टीत हीच फिल्म असते का?

बहुतेक पट्ट्यांमध्ये नसते, हे स्पष्ट सांगायला हवे. घरगुती ग्लुकोमीटरच्या पट्टीवर कार्बन किंवा सोन्यासारख्या धातूचे इलेक्ट्रोड छापलेले असतात. त्यावर विकर आणि एक मध्यस्थ रसायन यांचा कोरडा थर असतो. हा मध्यस्थ विकराकडून इलेक्ट्रॉन घेऊन इलेक्ट्रोडला पोहोचवतो. त्यामुळे कमी दाबावर काम भागते आणि उपऱ्यांचा त्रास कमी होतो. छपाईने अशा पट्ट्या झपाट्याने, स्वस्तात आणि एकसारख्या तयार होतात. १९८७ मध्ये आलेल्या पेनच्या आकाराच्या ग्लुकोमीटरपासून हीच वाट रूढ झाली.

याचा अर्थ वाहक फिल्मचे संशोधन वाया गेले असा नाही. एकदा वापरून फेकायच्या पट्टीत तिची गरज कमी आहे. पण जिथे सेन्सर दिवसेंदिवस एकाच जागी काम करणार आहे, जिथे एका चिपवर चार वेगळ्या तपासण्या हव्यात, जिथे मेंदू किंवा त्वचेसारख्या मऊ ऊतीला धातू टोचतो आणि मऊ थर लागतो, तिथे ही फिल्म आजही महत्त्वाची आहे. पेडॉट तर शरीरात बसवायच्या इलेक्ट्रोडवरचे आवरण म्हणून जगभर अभ्यासले जात आहे.

साखरेपलीकडे काय काय मोजता येईल?

विकर बदलले की सेन्सर बदलतो. युरियासाठी युरिएज. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते, त्याने सामू वाढतो आणि सामू बदलला की पॉलिॲनिलीनची वाहकता बदलते. रक्ताच्या सामूला तिची वाहकता घटते, हा तिचा अवगुण. पण सामूला दाद देण्याचा तोच स्वभाव इथे उपयोगी पडतो. कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज वापरतात.

क्रिएटिनिन मात्र कठीण आहे. एक कारण म्हणजे त्याला एक विकर पुरत नाही. तीन विकरांची साखळी लावावी लागते, तेव्हा कुठे शेवटी पेरॉक्साइड मिळते. दुसरे कारण प्रमाणाचे. उपाशीपोटी एक डेसिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर क्रिएटिनिन साधारण एक मिलिग्रॅम. शंभर दाण्यांमध्ये पाच दाण्यांची चूक चालून जाते. एका दाण्यात पाचाची चूक झाली तर आकड्याला अर्थच उरत नाही. मूत्रपिंडाची तपासणी साखरेइतकी सोपी अजून का झाली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

रायगडच्या किनाऱ्याला जवळचा वाटेल असा आणखी एक उपयोग म्हणजे मासळीचा ताजेपणा. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूत हायपोझॅन्थिन हा पदार्थ साठत जातो. झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर फिल्ममध्ये बसवले, तर त्याचे प्रमाण मोजता येते. कल्ले पाहून आणि बोटाने दाबून मासळी पारखणारी कोळीण हे काम क्षणात करते, हे खरे. पण बर्फात घालून दूरच्या शहरात गेलेल्या मालाची नोंद ठेवायची, तर आकडा लागतो. भाजीपाल्यातील कीटकनाशके आणि नदीच्या पाण्यातील जड धातू, यांसाठीही अशाच फिल्मवर जगभर काम सुरू आहे.

पालीसारख्या गावाला आज याचा उपयोग काय?

पहिला उपयोग शिक्षणाचा. पालीत जे. एन. पालीवाला महाविद्यालय आहे, तिथे विज्ञान शिकवले जाते. इलेक्ट्रोपॉलिमरायझेशन हा अशा महाविद्यालयाच्या आवाक्यातला विषय आहे. काही लाखांचा पोटेन्शिओस्टॅट हीच मुख्य अडसर असे. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ८० डॉलरपेक्षा कमी खर्चात जुळवता येणाऱ्या पोटेन्शिओस्टॅटचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यानंतर असे अनेक आराखडे उपलब्ध झाले. ॲनिलीन आणि पायरोल ही विषारी रसायने आहेत. त्यामुळे हा प्रयोग घरी करायचा नाही. पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि धूर ओढणारी कपाटे वापरून तो करता येतो. विजेने इलेक्ट्रोडवर चढणारा हिरवा थर पाहिलेला विद्यार्थी रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र यांना पुन्हा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणार नाही.

दुसरा उपयोग कोकणासाठीच्या मोजमापाचा. सेन्सर वातानुकूलित खोलीत चालला, एवढ्याने भागत नाही. सुधागडचा पाऊस, जून ते सप्टेंबरचा दमटपणा आणि मेमधला उकाडा यांत तो टिकला पाहिजे. रक्तक्षय असलेल्या रुग्णाच्या रक्तात तांबड्या पेशी कमी असतात. त्यामुळे अनेक ग्लुकोमीटर अशा वेळी साखर प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतात. ज्या वाड्यांवर रक्तक्षय आणि मधुमेह एकत्र भेटतात, तिथल्या परिस्थितीत तपासून पाहिलेला सेन्सरच खरा उपयोगी.

तोपर्यंत हातात असलेल्या यंत्राकडून खरा आकडा मिळवणे, हे प्रत्येकाच्या हातात आहे. पट्टीवरचे विकर हे प्रथिन आहे. उष्णता आणि दमट हवा त्याला बिघडवतात. म्हणून पट्ट्या त्यांच्याच डबीत ठेवाव्यात, पट्टी काढताच झाकण लगेच घट्ट लावावे. बहुतेक पट्ट्या ३० अंश सेल्सिअसपर्यंत ठेवायच्या असतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा चुलीजवळच्या फळीवर त्या ठेवू नयेत. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. आकडा आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा तपासावे आणि शंका राहिली तर प्रयोगशाळेतली तपासणी करून डॉक्टरांना विचारावे. औषधाचा डोस स्वतःहून बदलू नये.

आणि सर्वांत सोपी गोष्ट. पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनातून तयार झालेली ती पट्टी ग्लुकोज मोजते, पण ते कुठून आले हे तिला कळत नाही. बल्लाळेश्वराचा प्रसाद घेतला असेल, तर सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवावेत आणि कोरडे पुसावेत.